वालचंदांची गाडी, रोह्याचे मिस्त्री

आमच्या घरचा गणपती पेणहून यायचा. रोह्यात मूर्ती मिळत नव्हत्या अशातला भाग नाही. पण आजोबांनी एकदा पेणचा एक कारखाना धरला तो धरला. पुढे आजोबा गेले, कारखान्यातले जुने कारागीर गेले, तरी हरतालिकेच्या दिवशी सकाळी पेण गाठायचे, मूर्तीबरोबर पोह्याचे पापड आणि मिरगुंडे घ्यायची आणि दुपारच्या आत रोह्याला परतायचे, हा शिरस्ता मोडला नाही. आधी एस.टी.ने, नंतर कुणाच्या तरी टेम्पोतून, आणि १९८७ साली प्रथमच आमच्या स्वतःच्या गाडीतून. गाडी म्हणजे बाबांनी मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतलेली जुनी प्रीमियर पद्मिनी. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच, पुढे एकसंध लांब सीट. त्या सीटवर बाबा, मधे मी आणि खिडकीशी काका. काकांच्या मांडीवर पाट, पाटावर रुमालाने झाकलेले बाप्पा. मागे आई, आजी आणि धाकटी बहीण.

पेणला बाबांनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. सणाच्या दिवसांत रोह्यात पेट्रोल मिळाले नाही तर काय, हा त्यांचा नेहमीचा घोर. वडखळ सोडले आणि पाऊस असा कोसळू लागला की सगळ्या काचा वर घ्याव्या लागल्या. नागोठण्याच्या अलीकडे आजीला पहिल्यांदा वास आला. त्या पट्ट्यात वासाचे कुणाला नवल वाटत नाही. इकडे नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा प्रकल्प उभा राहत होता, तिकडे धाटावला रसायनांचे कारखाने आधीपासूनच होते. कारखान्याचा असेल, असे म्हणून आम्ही सोडून दिले. पण भिसे खिंडीचा चढ लागला तसा वास वाढला, बहिणीचे डोके दुखू लागले, आणि आजीने त्यावर आपला उपाय काढला. पिशवीत उदबत्तीचा पुडा होता, काकांच्या खिशात काडेपेटी होती. बाप्पा गाडीत आहेतच, तर दोन उदबत्त्या लावाव्यात म्हणजे वासही जाईल, असे तिचे म्हणणे. काकांनी काडेपेटी काढलीसुद्धा.

बाबांनी इतक्या जोरात ब्रेक मारला की काकांनी काडेपेटी सोडून मूर्ती दोन्ही हातांनी धरली. त्यांच्या ओरडण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी नीट कळला. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही, पायाशी साचून राहते. बंद काचांच्या गाडीत सहा माणसे, एक मूर्ती आणि एक काडी. पुढचा विचार आजही करवत नाही. त्या दिवशी मात्र आजी रुसली, काचा खाली झाल्या, मूर्तीवर प्लॅस्टिकचा कागद आला आणि आम्ही चिंब भिजत रोह्यात शिरलो, ते थेट घरी न जाता मिस्त्रींच्या शेडवर. बाप्पांना आईने रिक्षाने पुढे नेले.

मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. टाकी भरलेली असताना वास येतो की अर्ध्यावरही? गाडी उभी असताना की चालताना? चढावर जास्त की सपाटीला? पुढे बसलेल्याला आधी येतो की मागच्याला? एखाद्या जुन्या वैद्याने नाडी धरावी तशी ही चौकशी चालली होती. वास पुढून असता तर कार्ब्युरेटर भरून वाहतो आहे किंवा पेट्रोलपंपाचा पडदा फाटला आहे, असा संशय. तरीही खात्री म्हणून त्यांनी ऑइलची पट्टी उपसून हुंगली, कारण पडदा फाटला की पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होऊन वास मारते. ऑइल ठीक होते. टाकी भरलेली, चढ लागलेला आणि आधी वास आला तो मागे बसलेल्या आजीला, या तीन उत्तरांवर त्यांचा निकाल जवळजवळ झाला होता.

मग त्यांनी बॅटरीची तार सोडली, शेडमधल्या सगळ्यांना विड्या विझवायला लावल्या आणि टाकीतले थोडे पेट्रोल नळीने काढून घेतले. डिकीतले सामान बाहेर आले. टाकीचे झाकण घट्ट लावले. टाकीला हवा घेण्यासाठी एक बारीक नळी असते, तिच्या टोकाला लहान सायकलपंप जोडून अगदी हलके, दोन-तीन दट्टे. मुलाने कपड्याच्या साबणाचा फेस सांध्यांवर फासला. सायकलचे पंक्चर पाण्यात धरून शोधतात, तोच हिशेब. टाकीच्या तोंडाला जोडणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या कडेला एकामागून एक बुडबुडे उठले. नळी दुमडून पाहिली तर आतून फुगलेली आणि चिरलेली. ती नळी मूळची नव्हतीच. आदल्या वर्षी पैसे वाचवायला बाबांनी बाजारातून पाण्याच्या पाइपाचा तुकडा आणून स्वतःच्या हाताने बसवला होता. पाण्याचे रबर पेट्रोलला टिकत नाही. बाबा खजील झाले. मिस्त्री काही बोलले नाहीत. पत्र्याच्या डब्यातून त्यांनी नेमक्या मापाची, पेट्रोलला टिकणारी नळी काढली, दोन नव्या क्लिपा काढल्या, आणि पाऊण तासात काम झाले.

मला नवल वाटले ते त्या डब्याचे. कुंडलिकेच्या काठच्या एका लहान गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या माणसाला एका मोटारीची प्रत्येक शीर माहीत होती आणि तिचा सुटा भागही त्याच्या हाताशी होता. हे कसे घडले असेल? त्या दिवशी बॉनेट उघडे असताना आत एक छोटी धातूची पट्टी दिसली होती, तिच्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे नाव. या नावाचा माग काढत गेलो की आपण येऊन पोचतो सोलापुरात.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे मूळ सौराष्ट्रातले, दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद यांची सावकारी आणि कापसाचा व्यापार. आई लहानपणीच गेली. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षणाचे प्रयत्न झाले, पण पदवी काही हाती आली नाही. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडण्यात या मुलाचे मन रमेना. त्याने जोडीला धरला तो रेल्वेत कारकुनी केलेला एक मराठी माणूस, लक्ष्मणराव फाटक. एकाला रेल्वेच्या कामाची खाचखळगे माहीत, दुसऱ्याकडे घरचे भांडवल आणि उतावळेपणा. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचे काम या जोडीने घेतले, आणि सावकाराचा मुलगा कंत्राटदार झाला.

पेणहून खोपोलीकडे गेले की समोर बोरघाट उभा राहतो. पुणे-मुंबई रेल्वेने जाताना आपण ज्या बोगद्यांत शिरतो, त्यांतले काही वालचंदांच्या बांधकाम कंपनीने १९२० च्या दशकात खोदले. आज हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन म्हणून ओळखली जाते ती हीच, १९२६ सालची. रायगडकरांना वालचंदांचे काम पाहायचे तर दूर जायला नको.

बोटींची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ग्वाल्हेरच्या महाराजांची एक बोट विकत घेऊन नरोत्तम मोरारजी, वालचंद आणि मंडळींनी सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी एस.एस. लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला बुडवायचा चंग बांधला, आणि ती बुडाली नाही. नाशिक जिल्ह्यात रावळगावचे माळरान घेऊन ऊस लावला, इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला. रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत असा माझ्या पिढीतला माणूस विरळा, आणि कळंबचे वालचंदनगर झाले.

मोटारीची कथा मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. त्या काळात हिंदुस्थानात मोटारी नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना थाटला होता. पाठोपाठ फोर्डही आली. पण तिथे व्हायचे ते इतकेच की परदेशातून पेट्यांमध्ये सुटे भाग यायचे आणि इथले हात ते जोडायचे. गाडी इथे जन्मत नव्हती, नुसती उभी राहत होती. एखादा भाग बिघडला की पुन्हा बोटीची वाट. विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकाच्या मध्याला युरोप-अमेरिका फिरून येथे मोटार बनवण्याची योजना मांडली, आणि वालचंदांनी ती उचलून धरली. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. ते या योजनेला अनुकूल होते. पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि योजना उघड्यावर पडली.

वालचंद तरीही अमेरिकेला निघाले. वाटेत पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकनाशी गाठ पडली. हा गृहस्थ चीनला विमाने पुरवत असे. गप्पा निघाल्या आणि मोटारीच्या शोधात निघालेल्या माणसाच्या डोक्यात विमान शिरले. त्यातूनच म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. युद्धासाठी सरकारला विमाने हवी होती, म्हणून विमानाला परवानगी मिळाली. मोटारीला मिळाली नाही! फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर कंपनी तयार झाली, करारही झाला, पण हा धंदा युद्धाला आवश्यक नाही अशी सरकारची भूमिका. विमान बनवू देणाऱ्या सरकारला मोटार जड का जावी? ज्यांच्या तयार मोटारी इथे खपत होत्या त्यांचे हितसंबंध त्यामागे होते, असे वालचंदांच्या बाजूच्या लोकांना वाटे. मलाही तसेच वाटते.

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कारखान्याची जागा कुर्ला. १९४७ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लरच्या घराण्यातल्या डॉज, डिसोटो, प्लिमथ. त्याही सुरुवातीला जोडलेल्याच, पण एकेक भाग इथे करत जायचा हा बेत पहिल्यापासून होता. कोलकात्याच्या बाजूला बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही त्याच वाटेने निघाली होती. पुढे टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरवले की येथे टप्प्याटप्प्याने मोटार बनवायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी नुसत्या जोडणीचे दुकान मांडू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. त्या काळात देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे नाव आज रोह्याच्या कॉलेजला आहे. उद्योगखाते त्यांचे नव्हते, तेव्हा या निर्णयाचे श्रेय त्यांना देता येणार नाही. रोहेकर म्हणून उल्लेख करायचा मोह आवरला नाही, इतकेच.

वालचंदांना हे दिवस नीट पाहायला मिळाले नाहीत. १९४९ साली पक्षाघाताचा झटका आला, वर्षभरात त्यांना सगळ्या कामांतून अंग काढून घ्यावे लागले. शेवटची वर्षे पत्नी कस्तुरबाईंच्या शुश्रूषेत गेली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे ते वारले. विमानाचा कारखाना युद्धातच सरकारकडे गेला होता, विशाखापट्टणमच्या गोदीचा कारभारही १९५२ मध्ये सरकारने हाती घेतला. या माणसाने पायाचे दगड बसवावेत आणि कळस दुसऱ्यांनी चढवावा, असे त्याच्या आयुष्यात वरचेवर घडले. भागीदारांशी खटके, डोक्यावर कर्ज, एक काम पुरते उभे राहण्याआधी दुसऱ्यात उडी, हेही तितकेच खरे. चिकाटीचा माणूस म्हणून त्यांची आरती ओवाळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. मला त्यांचा उतावळेपणाच जास्त आवडतो.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९५४ मध्ये, कुर्ल्याहून फियाट ११०० निघू लागली. इटलीच्या फियाटचा आराखडा, पण हळूहळू एकेक भाग इथला होत गेला. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी. २००० च्या सुमारास ती बनायची थांबली. चाळीसहून अधिक वर्षे मूळ घडण तीच! यावर टीका झाली आणि ती रास्त होती. बाजार बंदिस्त, गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि नवे काही करण्याची कारखान्याला निकड नव्हती. देशी कारखाना म्हणून सगळे सोन्याचे, असे मी म्हणणार नाही.

पण त्याच न बदलण्याची दुसरी बाजू आमच्या मिस्त्रींच्या डब्यात होती. तीच गाडी, तेच भाग, गावोगावी. त्यामुळे पेण, रोहा, माणगावच्या शेडमध्ये बसलेल्या माणसाला तिच्या दुखण्याचा पिढीजात अभ्यास झाला. उन्हाळ्यात घाट चढताना पंपात पेट्रोल उकळून त्याची वाफ धरली की गाडी बंद पडते, कारण पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ ढकलता येत नाही. तेव्हा पंपावर ओले फडके टाकून पाच मिनिटे थांबायचे, हे मुंबईच्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला माहीत. ते त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. शिवडीच्या पेट्यांमधून आलेल्या गाडीचा असा अभ्यास करायला कुणाला किती सवड मिळाली असती?

आज माझ्या भाच्याकडे नवी गाडी आहे. मागच्या वर्षी तिच्यातही पेट्रोलचा वास येऊ लागला आणि मला जुना दिवस आठवला. आमच्या पद्मिनीची टाकी आपली वाफ सरळ हवेत सोडून द्यायची. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे तसेच होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० पासून यावर बंधन घातले, आपल्याकडे १९९० च्या दशकात नियम येऊ लागले. आता टाकीची वाफ कोळशाने भरलेल्या एका डब्यात अडवतात आणि इंजिन चालू झाले की तीच ओढून जाळून टाकतात. हवेचेही भले, पेट्रोलचीही बचत. पण त्यामुळे टाकीपासून इंजिनपर्यंत नळ्या, झडपा आणि सांधे यांचे एक जाळेच तयार झाले आहे. त्यातली एक झडप अडकली, एक नळी सैल झाली किंवा टाकीच्या झाकणाचे रबर दबले की वास येतो. कधी कधी नुसता पिवळा दिवा लागतो आणि वासही येत नाही.

भाच्याच्या गाडीला आधी संगणक जोडला. मग मेकॅनिकने एका यंत्रातून त्या नळ्यांमध्ये पांढरा धूर सोडला आणि टॉर्च घेऊन तो कुठून बाहेर पडतो ते पाहत बसला. कोळशाच्या डब्यापाशी एका वळणावर धुराची बारीक रेघ निघाली. मला हसू आले. साबणाच्या फेसाच्या जागी धूर आला, सायकलपंपाच्या जागी यंत्र आले, पण हलका दाब द्यायचा आणि डोळ्यांनी शोधायचे हे तेच. त्यानेही आधी विचारलेच होते की टाकी गळ्यापर्यंत भरता का? भाचा भरत होता. पंपाची बंदूक आपोआप बंद झाल्यावर आणखी चार-दोन रुपयांचे पेट्रोल कोंबले की ते त्या कोळशाच्या डब्यात उतरते आणि कोळसा वाया जातो. घराण्याची सवय, दुसरे काय!

पद्मिनी आम्ही १९९८ साली विकली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी बहीण ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेली. त्या हरतालिकेच्या दिवशी शेडवरून निघताना बाबांनी मिस्त्रींना पैसे विचारले, तर त्यांनी नळीचे तेवढे घेतले आणि बाकीचे दर्शनाला येईन तेव्हा बघू म्हणून सांगितले. जुना पाइपाचा तुकडा मात्र त्यांनी बाबांच्या हातात ठेवला. घरी पोचलो तेव्हा मूर्ती मखरात होती, आईने निरांजन तयार ठेवले होते. बाबांनी साबणाने तीनदा हात धुतले, मग चिंच लावून धुतले, तरी आजीने हात हुंगून पाहिले आणि त्यांना निरांजनापासून चार हात लांब उभे केले.